दादाच्या गाडीचं औक्षण

आमच्या शोरूममध्ये आता लहान गाडी मिळत नाही. मागायला येतात अजून, नाही असं नाही. पेन्शनीतले मास्तर, बँकेतून रिटायर झालेले कुणी, ‘दोघांपुरती बघतोय’ म्हणत येतात. त्यांना आमची पोरं आधी चहा पाजतात आणि मग सांगतात की काका, ती कंपनीनं बंद केली, आता सगळं उंचच. पूर्वी कंपनीची उंच गाडी एकच होती आणि ती घेणाऱ्याला आमचे मालक स्वतः केबिनमधून उठून नमस्कार करायला यायचे. आता पाच आहेत. बारकी उंच, मधली उंच, सात सीटची, तिच्याच वरची काचेच्या छताची आणि बॅटरीवरची. सहावी दिवाळीला येणार म्हणून दारात पोस्टर लागलं आहे, तिच्यावर कापड टाकलेलं, नुसता आकार दिसतो. तरी लोक ते पोस्टर बघून बुकिंग करायला तयार आहेत.

कंपनी तरी काय करणार? गिऱ्हाईकच तसं मागतं. आमच्या भागात गाडी मायलेजवर कमी आणि उंचीवर जास्त विकली जाते. शेताकडचा रस्ता वाईट आहे, हे सांगायला बरं कारण असतं. खरं कारण असं की भावकीत कुणीतरी आधीच घेतलेली असते.

मी पूर्णिमा, डिलिव्हरीकडं असते. आमचं शोरूम हायवेला आहे, कोल्हापुरात शिरायच्या अलीकडं. तयार गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची, बटणं समजावून सांगायची, फोटो काढायचे, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण सात सीटची गाडी न्यायला पंधरा माणसं येतात आणि त्यातल्या निम्म्यांचे मानपान असतात. चाकाखाली लिंबू कुणी ठेवायचं, नारळ कुणी फोडायचा, पुठ्ठ्याची मोठी किल्ली फोटोत कुणाच्या हातात द्यायची, यावरून मी सख्ख्या चुलत्या-पुतण्यांना तोंड फिरवताना बघितलं आहे. डिलिव्हरी म्हणजे लहानसं लग्नच असतं, फक्त नवरी बोलत नाही.

औक्षण माझ्याकडं कसं आलं ते सांगते. उंच गाड्या वाढल्या तसे नुसत्या गड्यांचे घोळके यायला लागले. तालमीतली, नाहीतर सोसायटीतली दहा-बारा माणसं गुलाल घेऊन यायची आणि बरोबर बाई एकही नाही. एकदा अशीच गाडी फुलं लावून उभी, पाठीमागं दुसऱ्या गाडीचं गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि ओवाळायला कुणी नाही म्हणून घोडं अडलेलं. आमचा मॅनेजर सम्राट मला म्हणाला, “ताई, तुम्ही ओवाळा की.”

मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “सर, माझा नवरा नाही. मला चालणार नाही.”

“आपल्याच जिल्ह्यातल्या गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पेपरात आलं. आपण शोरूमवालं मागं ऱ्हायचं व्हय?”

सम्राटला सुधारणेचा एवढा पुळका नव्हता. त्याला ती गाडी बाहेर काढून जागा मोकळी करायची होती. पण त्यानं ताट माझ्या हातात दिलं ते दिलंच. कपाळाला टिकली मी लावतेच, गळ्यात साधी चेन असते. त्या माणसांनी काही विचारलं नाही. मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं आणि ज्यांची गाडी होती ते मिशीवाले पाटील खाली वाकून माझ्या पाया पडले. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन मी रडले. आनंदानं रडले, लपवायचं काय त्यात.

तेव्हापासून बाई असो-नसो, औक्षण माझ्याकडं. कंपनीनं गाड्या वाढवल्या, आमच्याकडं डिलिव्हरीच्या एका जागेच्या तीन जागा झाल्या, तसं माझं ताट दिवसभर खाली ठेवायला उसंत मिळेना.

माझा नवरा सयाजी नेसरी-गडहिंग्लज वडाप चालवायचा, सीटमागं पैसे घेऊन माणसं न्यायचा. स्वतःची जीप होती. संध्याकाळी रिकामी जीप घेऊन घरी येताना वळणावर उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, पाठीमागं ना लाल दिवा ना दगड. ट्रॅक्टरवाला जेवायला गेला होता. एवढीच हकीकत आहे. त्यानंतर मला कुणी वाईट वागवलं असं नाही. सासरचे, माहेरचे, सगळे गोड. फक्त हळदी-कुंकवाला गल्लीतल्या बायका माझं दार सोडून पुढच्या दाराला जायच्या, आणि पुतणीच्या लग्नात अंतरपाटापाशी गर्दी झाली तेव्हा एका म्हातारीनं मला हळूच दंडाला धरून मागं घेतलं. तिनं फार हळू धरलं होतं. मला ढकललं असतं तर बरं झालं असतं.

मी कोल्हापूरला आले. उचगावात एक खोली आहे. तिथं मला कशाची कमी नाही, फक्त माणूस नाही. एका माणसाचा भात कुकरला नीट होत नाही, हे मला तिथं राहायला लागल्यावर कळलं. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत मी तोंडातून शब्द काढलेला नसतो आणि मग भाजीवाल्याशी बोलताना आवाज घोगरा येतो. म्हणून मला शोरूम आवडतं. ओवाळताना दोन मिनिटं मी त्या घरातली असते. पोरं माझ्या अंगावर रेलतात, म्हाताऱ्या ‘तू कुणाची गं?’ विचारतात, कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबतं. मग दारं लागतात, गाडी जाते आणि पुढची येते.

आता दादाचं.

माझा भाऊ विजयसिंह गडहिंग्लजला असतो. त्याचं खत-औषधांचं दुकान आहे. सयाजी गेला त्या दिवशी मला उचलून गाडीत घालणारा, सासरच्यांशी भांडून माझी भांडीकुंडी आणून देणारा, ही नोकरी बघून देणारा तोच. दर महिन्याला तांदूळ, तूप, शेंगा त्याच्याकडून येतात. वहिनीवर माझा राग आहे. राग म्हणजे काय, ती बोलते फार आणि हसते मोठ्यानं, आणि माझा भाऊ तिचा आहे. नणंदेला एवढं कारण पुरतं.

दादानं सात सीटची पांढरी बुक केली ती माझ्याच सांगण्यावरून. त्या गाडीला इतकी मागणी होती की लोक महिनोन् महिने थांबले होते. मी यार्डातल्या पोरांच्या मागं लागून, कधी चहा पाजून, कधी शिव्या घालून दादाची गाडी वर सरकवून घेतली. मला तिचं औक्षण करायचं होतं. दुसरं काही नको होतं. शोरूममध्ये परक्यांनी चालवून घेतलं ते ठीक होतं, त्यांना माहीतच नव्हतं. माझ्या माणसांनी सगळं माहीत असून, सगळ्यांच्या देखत, माझ्या हातून ओवाळून घ्यावं, असं मला वाटत होतं. तेवढं झालं असतं तर मी पुढच्या संक्रांतीला गडहिंग्लजला जाऊन हळदी-कुंकवाच्या बायकांत मधोमध बसले असते.

गाडी आली तसा मी दादाला फोन केला.

“मंगळवारी न्यायला येतो,” दादा म्हणाला.

“मंगळवारी माझी सुट्टी असते. बुधवारी घे.”

“अगं, मंगळवार अंबाबाईचा वार. भटजींनी त्योच काढलाय. तू कशाला सुट्टी मोडतीस? पोरं हाईत न्हवं तिथं द्यायला?”

मी फोन ठेवला आणि वहिनीला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. भटजी कुठला, हिनंच वार काढला असणार. नणंदेची सुट्टी बघून काढला असणार. पण मीही काही कमी नाही. मी ठरवलं, सांगायचं नाही, सरळ जाऊन उभं राहायचं. सगळ्यांसमोर मला ‘नको’ म्हणायची वहिनीची हिंमत होते का, तेच बघू.

मंगळवारी सकाळी मी न्हाले. मोरपंखी साडी नेसले, ती मी कधीच्या काळी घेऊन ठेवली होती. शोरूमचं पितळी ताट रोजच्या वापरानं काळं पडलेलं असतं, म्हणून घरचं चिंचेनं घासून नेलं.

गाडी मधल्या जागेवर उभी होती, झेंडूचा हार घालून. दादा, वहिनी, त्यांचा यशराज, वहिनीचे आईवडील आणि दुकानातला आकाराम, एवढी मंडळी आली होती. मला बघून दादाचं तोंड पडलं. वहिनीचं मात्र उजळलं.

“अगंबाई, वन्सं! सुट्टी हाय म्हणालतं की हे!” ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. “बरं झालं बाई आलासा. मी चार दिस झालं सांगालीय ह्यास्नी, वन्संच्याच हातनं करूया म्हणून. त्यांच्याइतकी कुणाला सवय हाय? रोज करत्यात त्या. धरा, ताट आणलंय न्हवं?”

मी वहिनीकडं बघत राहिले. इतकी वर्षं मी जिच्या नावानं दात खाल्ले, ती बाई माझ्या हातातल्या निरांजनात वात सारखी करत होती.

“पूर्णे, जरा हिकडं ये,” दादा म्हणाला.

तो मला गाड्या धुतात तिकडं घेऊन गेला. खाली पाणी साचलं होतं. त्यात त्याचे नवे बूट भिजत होते, पण त्याचं लक्ष नव्हतं.

“तू कशाला आलीस गं?”

“तुझी गाडी आहे म्हणून आले.”

“संध्याकाळी तुझ्या खोलीवर येणारच हुतो आम्ही. साडी घेतलीया तुला. पेढं देऊन, तुला बसवून एक चक्कर मारून आणणार हुतो.”

“दादा, मंगळवार कुणी काढला?”

“मीच काढला. तुमच्या सम्राटसायबांस्नी विचारलं तुझी सुट्टी कवा असती. तुला तोंडावर न्हाय म्हणायला नको, म्हणून.”

“का?”

“हे बघ, मी तसलं काय मानत न्हाय. तुला ठावं हाय. घरात ये, पूजेला पुढं बस, कोण काय म्हणतंय ते मी बघून घेतो. पण ही गाडी हाय, पूर्णे. रस्त्यावर पळणार. यशराज बसणार हिच्यात.”

“मी रोज गाड्या ओवाळते, दादा. सगळ्या रस्त्यावरच पळतात.”

“ती लोकाची.”

“लोकांच्या पोरांचं काय?”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. हळूच, समजूत काढल्याच्या आवाजात म्हणाला, “सयाजीच्या जीपला बी तूच ववाळलंतंस.”

ओवाळलं होतं. नेसरीच्या अंगणात, हिरव्या चुड्यानं. तेव्हा मी सुवासिनी होते, नवीन लग्न झालेली, लक्ष्मी म्हणून सासूनं मुद्दाम माझ्या हातात ताट दिलं होतं. मला ते आठवत नव्हतं असं नाही, पण त्या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. ट्रॉलीला दिवा नव्हता, हे पंचनाम्यात लिहिलं आहे. ट्रॅक्टरवाल्यानं ते कबूल केलं होतं. मला दादाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याला धरून रडावंसंही वाटलं, कारण बोलताना तो सारखा वळून यशराजकडं बघत होता. तो मला कमी लेखत नव्हता. त्याला माझी भीती वाटत होती. घरात एवढी माणसं आहेत, आणि त्यातल्या माझ्या सख्ख्या भावाला.

“अवो, काय चाललंय तिकडं? वेळ टळालीया!” वहिनीनं हाक मारली.

आम्ही परत आलो. वहिनीनं पेटलेलं ताट माझ्यापुढं केलं. “धरा वन्सं.”

सगळे उभे होते. मी दादाकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी म्हणेल. हसून म्हणेल, कर गं. तो मागच्या चाकाकडं बघत होता.

“तुम्हीच करा, वहिनी,” मी म्हणाले. “माझी आज सुट्टी आहे. रोज रोज ओवाळून हात दुखतात माझे.”

“आँ? काय हो वन्सं, असं कुठं असतंय?”

“करा म्हणते ना.”

वहिनीनं ओवाळलं. ताट उलटं फिरवलं तिनं, मग जीभ चावून सुलटं फिरवलं. आकारामनं नारळ फोडला. मी नेहमीप्रमाणं दादाला बटणं समजावून सांगायला पुढच्या सीटवर बसले. वायपर, एसी, मागचा कॅमेरा. लाल त्रिकोणाचं बटण दाखवलं आणि म्हणाले, “कुठं थांबलास तर हे आधी लावायचं. विसरायचं नाही.” त्यानं ते दाबलं. दिवे लुकलुकायला लागले आणि आम्ही दोघं ते बघत बसलो.

“राग धरू नको,” तो म्हणाला.

“नाही धरत,” मी म्हणाले. खोटं होतं ते, आणि त्यालाही कळलं असणार.

“चला की वन्सं देवळाला,” वहिनी खिडकीतून म्हणाली. “एक सीट मोकळीच हाय.”

मी काम आहे म्हणून सांगितलं. सुट्टी आहे असं मघाशीच म्हणाले होते, ते तिच्या लक्षात आलं नाही. गाडी गेली. मी घरी गेले, साडी घडी करून ठेवली आणि झोपून राहिले. संध्याकाळी दार वाजलं तेव्हा उठले नाही. बाहेर वहिनीचा आवाज येत होता, ‘कुठं गेल्या असतील बाई?’ असं ती दादाला विचारत होती. थोड्या वेळानं तेही थांबलं. पेढे आणि साडी शेजारणीकडं ठेवून गेले.

बुधवारी मी कामावर गेले. सम्राटला झाल्या गोष्टीचा पत्ता नव्हता. त्यानं आल्या आल्या सांगितलं, “ताई, आज लई गाड्या आहेत. पहिली हुपरीची.”

हुपरीचा माणूस जोतीराम, चांदीचे पैंजण करायचा धंदा. काचेच्या छताची गाडी घेतली होती. बरोबर चार-पाच वर्षांची पोरगी, पायात भरगच्च पैंजण, ती आल्यापासून पुढच्या सीटवर चढून बसली होती आणि उतरायला तयार नव्हती.

“घरातलं बाईमाणूस माहेरला हाय, ताई,” जोतीराम म्हणाला. “दुसऱ्यांदा दिस हाईत तिला. कालपासनं फोनवर एकच, कुणी सवाष्णीनं ववाळल्याबिगर गाडी हालवू नका. तुमीच करा.”

“करते की,” मी म्हणाले.

स्वस्तिक काढलं. कुंकू लावलं. निरांजन पेटवलं. ताट उचललं आणि समोर बघितलं तर काचेपलीकडं ती पोरगी, दोन्ही तळवे काचेला लावून, निरांजनाच्या ज्योतीकडं बघून हसत होती.

माझा हात वर जाईना.

ट्रॉलीला दिवा नव्हता, हे मी स्वतःला सांगितलं. मी ओवाळलेल्या इतक्या गाड्या कोल्हापूरच्या रस्त्यांवर फिरताहेत, हेही सांगितलं. आणि लगेच मनात आलं, फिरताहेत ना? मला काय माहीत? एकदा दारातून गेल्यावर त्यातल्या कुठल्याच गाडीचं पुढं काय झालं, ते मला कुणी कधी सांगितलेलं नाही.

“स्नेहल,” मी हाक मारली. स्नेहल आमच्याकडची नवीन मुलगी, इन्शुरन्सचं बघते. “तू ओवाळ.”

“मी? ताई, मला कुठं येतं?”

“येत नाही कसलं? फिरव नुसतं ताट. माझा हात भरून आलाय.”

सम्राट लांबून बघत होता. त्यानं ताट काढून घेतलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं, मालकांच्या केबिनपर्यंत गेले असते. जोतीराम ‘तुम्ही विधवा, तुमचा हात नको’ म्हणाला असता तर त्यालाही ऐकवलं असतं, तोंड आहे मला. पण कुणी काहीच म्हणालं नव्हतं. स्नेहलच्या हातात ताट मीच दिलं आणि खांबापाशी जाऊन उभी राहिले. जोतीराम थोडा गोंधळला, मग त्यानं डोक्यावर टोपी घातली आणि गाडीपुढं हात जोडले.

किल्ली देताना मी पोरीला मागच्या सीटवर बसवलं, ती रडली तरी बसवलं, पट्टा लावला आणि तो नीट बसला का ते ओढून बघितलं. “सावकाश जावा,” मी जोतीरामला म्हणाले. “उसाच्या ट्रॉल्या असतात रस्त्याला. अंधार पडायच्या आत घरी पोचा.”

“अजून सकाळच हाय की, ताई,” तो हसून म्हणाला.

गाडी बाहेर पडली. सम्राट म्हणाला, “ताई, पुढची लावू का?” मी ऐकलं, पण हलले नाही. गाडी सर्व्हिस रोडनं पुलाखाली गेली, सिग्नलला थांबली, वळली, हायवेला लागली. दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते, आणि दिसेनाशी झाल्यावरही उभी होते.